पाइप धरणारी

"ही माझी धाकटी जाऊ. मला मदत करते. चुरा ओढायचा पाइप धरते."

माझ्या थोरल्या जावेनं, म्हणजे वहिनींनी, हे वाक्य वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना सांगितलं ते माझ्या खोलीत, माझ्या मशीनला टेकून, माझ्यादेखत. त्या क्षणी मी खरोखरच व्हॅक्यूमचा पाइप हातात धरून उभी होते, म्हणून तर जास्त झोंबलं. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी हसले आणि चहा टाकायला आत गेले.

मशीन म्हणजे टेबलावर मावेल एवढं सीएनसी राउटर, हौशी लोक घेतात तसलं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, की गरगर फिरणारं बारीक कटर त्या रेषांवरून आपोआप चालतं आणि प्लास्टिकमध्ये चित्र कोरतं. सुटे भाग मागवून मी ते मागच्या खोलीत स्वतः जुळवलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "त्यापेक्षा शिवणयंत्र घेतलं असतंस तर चार उसवलेले कपडे तरी शिवून झाले असते." पुढे मी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर चित्रं कोरायला लागले. खालच्या कडेला दिवा लावला की नुसत्या रेषा उजळतात, बाकीची शीट दिसतसुद्धा नाही. लोक बघायला यायला लागले, तशी वहिनींची भाषा बदलली. आधी "आमच्याकडे करतात" होतं, मग "आम्ही करतो" झालं, आणि शेवटी "मी करते". आयत्या बिळावर नागोबा म्हणतात खरं, पण नागोबा निदान बीळ मीच खणलं असं सांगत तरी फिरत नाही.

वहिनी वाचनालयाच्या कमिटीवर. वाचनालयाची जुनी इमारत पाडली, तिचं चित्र नव्या वाचनकक्षात लावायचं ठरलं आणि वहिनींनी ते काम "मी देते करून" म्हणून उचललं. जुना फोटो समोर ठेवून चित्र काढलं मी. खिडकीन् खिडकी काढली, जिन्याचा तुटलेला कठडासुद्धा सोडला नाही. कोरलं मी, कडा घासून चमकवल्या मी. आणि बघायला ग्रंथपालबाई आल्या, तर मी पाइप धरणारी!

"जाऊ दे गं, घरातलीच आहे," मी चहा उकळत होते तेव्हा नवरा म्हणाला.

"घरातली आहे म्हणूनच जाऊ देणार नाही," मी म्हटलं. तो पेपरमागं गेला. आमच्याकडे पेपर ह्याच कामाला येतो.

पण वाचनालयाची एक रीत आहे. तिथं कुणी काही करून दिलं, की शेवटचा हात त्या माणसानं सभासदांसमोर फिरवायचा. सुतारानं कपाटाचा शेवटचा स्क्रू सगळ्यांसमोर पिळला होता. मग त्या वस्तूखाली करणाऱ्याच्या नावाची पट्टी लागते आणि ती कायमची राहते.

"तुमच्या नावाची पट्टी तुम्ही आमच्यासमोरच कोरा," ग्रंथपालबाई चहा पिताना वहिनींना म्हणाल्या. "मशीन छोटंच आहे, आणता येईल."

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. मी बशी पुसत होते, ती जरा जास्तच वेळ पुसली.

बाई गेल्यावर वहिनी स्वयंपाकघरात आल्या. आवाजात साखर. "अगं, मला फक्त कुठलं बटण दाबायचं ते सांग."

मी सांगितलं. शीट मी लावीन, कटर मी लावीन, तुमच्या नावाची फाइल मी टाकीन. तुम्ही हिरवं बटण दाबायचं, बस्स.

"आणि मध्येच भीती वाटली तर? वेग कमी करता येतो ना?"

"येतो की," मी म्हटलं. "हे गोल बटण डावीकडे फिरवायचं."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त पुढचं वाक्य मी सांगितलं नाही. लाकूड हळू कापलं तर फार तर करपतं. अ‍ॅक्रिलिक हळू कापायला गेलात तर ते वितळतं. कटर तेवढ्याच जोरात फिरत राहतं, पण पुढं नीट सरकत नाही, जवळजवळ एकाच जागी घासून तापतं आणि वितळलेलं प्लास्टिक त्यालाच चिकटतं. भरभर नेलं तर चुरा उडतो आणि उष्णता चुऱ्याबरोबर निघून जाते. हे कळेपर्यंत मी कितीतरी शीट वाया घालवल्या होत्या.

आणि वहिनींचा जन्माचा मंत्र एकच, "अति घाई संकटात नेई." मी भाजी चिरते ती घाईनं, जिना चढते तो घाईनं, बोलते तर विचारूच नका. लग्न होऊन ह्या घरात आले त्या दिवसापासून ऐकतेय, हळू, जरा हळू. त्यांचा हात त्या गोल बटणाकडे जाणार हे मला उद्या सूर्य उगवणार इतकं पक्कं माहीत होतं. मी मूग गिळून बसले. सांगते ना, फार गोड लागले ते मूग.

कार्यक्रमाला निघताना वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "साधंच घातलंस ते बरं केलंस. तिथं पुढं पुढं करू नकोस." त्या स्वतः ठेवणीतल्या कपड्यांत होत्या.

वाचनकक्ष भरला होता. भिंतीवर चित्र उजळलेलं, त्याखाली पट्टीची जागा मोकळी. मधल्या टेबलावर मशीन. वहिनी चार शब्द बोलल्या, कलेबद्दल आणि संयमाबद्दल. मग त्यांनी हिरवं बटण दाबलं. मी पाइप घेऊन बाजूला.

कटर शीटमध्ये उतरलं. कर्कश पण स्वच्छ आवाज, पांढरा चुरा उडतोय, पहिलं अक्षर सुरेख निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात चुऱ्याचा एक कण वहिनींच्या मनगटावर बसला, त्या दचकल्या आणि त्यांचा हात गोल बटणाकडे गेला.

"वहिनी, नको" माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, हे खरं आहे. पण हातात पाइप होता ना. त्याच्याकडे बघितलं आणि ओठ मिटले.

बटण डावीकडे फिरलं. आवाज जड झाला. चुऱ्याच्या जागी चिकट धागे निघायला लागले आणि जळका वास सुटला. वहिनी आणखी घाबरल्या, म्हणून त्यांनी वेग आणखी कमी केला. दुसरं अक्षर कटरच्या मागं मागं बुजत चाललं. कटरवर प्लास्टिकचा गोळा चढला, त्यानं शीटच खालच्या चिकट टेपवरून उपटली आणि ती खडखडा आपटायला लागली. मी लाल बटण दाबलं.

पट्टीवर एक अक्षर आणि पुढं नुसता राडा.

"काय करून ठेवलंस हे?" वहिनी माझ्यावर ओरडल्या. "तुझं मशीन, तुझी शीट, सगळं तूच तर लावलंस! मी नुसतं बटण दाबलं!"

चोराच्या उलट्या बोंबा. पण ह्या बोंबेत प्रत्येक शब्द खरा होता आणि तो सगळ्यांनी ऐकला.

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही नुसतं बटण दाबलंत?"

वहिनी मनगटावरचा चुरा झटकायला लागल्या.

"मग हे भिंतीवरचं चित्र कोणी केलं?"

मागच्या रांगेतून आवाज आला, "हिनं." माझा नवरा होता. हातात पेपर नव्हता. कान लाल झाले होते, पण उभा राहिला होता.

बाई माझ्याकडे वळल्या. "मग पट्टी तुमच्या नावाची हवी. जमेल आता?"

मी कटर बदललं. अ‍ॅक्रिलिकच्या नव्या तुकड्यावरचा ओरखडे न पडण्यासाठीचा कागद सोलला, टेपनं तो घट्ट बसवला. लॅपटॉपमध्ये माझ्या नावाची फाइल तयारच होती. ती कधी तयार केली हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

"पाइप कोण धरेल?" बाईंनी विचारलं.

"वहिनी धरतील," मी म्हटलं. "मला मदत करतात त्या."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणार कुठल्या तोंडानं? त्यांनी पाइप घेतला. मी गोल बटण उजवीकडे फिरवलं आणि हिरवं दाबलं. चुरा सणसणत उडाला, त्यांच्या ठेवणीतल्या बाह्यांवर, केसांवर, भुवईवर.

"जवळ धरा, वहिनी. अजून जवळ. इथं हळू नाही चालत."

त्यांनी खाली मान घालून पाइप पुढं नेला, अक्षरामागून अक्षर. माझं नाव तसं लहान आहे, पण अक्षरं मी मुद्दाम मोठी घेतली होती.