डोलोनच्या चढावर मी गप्प बसलो

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. अंगठ्याएवढा, काळा, तेलकट. नरीन गावच्या मेलिस नावाच्या ड्रायव्हरच्या प्रवासी गाडीत, इंजिनाच्या खालच्या अंगाला माझी जागा होती. माझ्यासमोर एक दातेरी चाक फिरे. त्याचे दोन दात मुद्दाम गाळलेले. ती फट समोरून गेली की मी खूण करायची, आणि त्या खुणेवरून ठिणगी नेमकी कधी पडायची ते ठरे. माझी खूण नाही, तर ठिणगीही नाही. अकरा वर्षं मी एकदाही चुकलो नाही. त्याचा मला फार ताठा होता, म्हणून पुढचं सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

म्हातारपणी माझ्या आतली तार तडकली. गार असताना ती जुळून राही, तापली की सुटे. डोलोन घाटाच्या चढावर इंजिन तापलं की मी गप्प आणि गाडी बंद. अर्ध्या तासानं निवलो की पुन्हा कामाला. गॅरेजात पोहोचेपर्यंत तर मी अगदी साळसूद.

मेलिसनं दोष दिला मेहुण्याला. सागिन रस्त्याकडेला बरण्यांतून पेट्रोल विकायचा. पुतण्याच्या लग्नात, भरल्या पंगतीत मेलिस बोलून गेला, की सागिन पेट्रोलात पाणी घालतो. "पाणी असतं, तर गाडी निवल्यावर तरी कशी चालली असती, दाजी?" एवढंच सागिननं विचारलं. परतताना गाडीतल्या बायका हेच चघळत होत्या. प्रश्न बिनतोड होता, पण दाजींचा शब्द मोठा. सागिनच्या बरण्यांपाशी गाड्या थांबेनाशा झाल्या. खरा गुन्हेगार मी, आणि मला कबूल करायला वाचा नव्हती.

एकदा दुइशेन नावाचे म्हातारे मेकॅनिक प्रवासी म्हणून बसले होते. चढावर गाडी बंद पडताच त्यांनी बाटलीतलं गार पाणी माझ्यावर ओतलं. इंजिन लगेच सुरू झालं.

"पेट्रोलानं काय घोडं मारलंय तुझं? चोर हा इथे बसलाय," ते मेलिसला म्हणाले.

मेलिसची बायको अनारकुल शेजारीच बसली होती. "ज्या माणसांसमोर माझ्या भावाचं नाव घेतलंत, त्यांच्याचसमोर ते शब्द परत घ्या," ती म्हणाली.

मेलिसनं मला काढलं. त्या पंगतीतल्या फक्त चार वडीलधाऱ्यांना घेऊन तो सागिनच्या घरी गेला, मला जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. सागिननं मला तळहातावर फिरवून पाहिलं.

"याला तोंड नव्हतं, दाजी. तुम्हाला होतं."

आमच्याकडे समोर आलेली भाकरी नाकारत नाहीत, म्हणून मेलिसनं पुढे केलेल्या भाकरीचा त्यानं तुकडा मोडला. मेलिसकडे मात्र पाहिलं नाही.

मित्रांनो, यंत्र अडलं तर आधी यंत्र तपासा, माणसाकडे बोट दाखवायची घाई करू नका. माझ्या जागी नवा सेन्सर दहा मिनिटांत बसला. सागिनपाशी अजून कुणी गाडी थांबवत नाही.