कोपऱ्यातली टक्केवारी

काकांनी अभ्यास सुरू केला नाही. अभ्यासाची साधनं निवडायला सुरुवात केली. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते व्यायामाआधी महिनाभर बूट निवडणाऱ्या कुणालाही विचारावं.

रुग्णालयात सगळे त्यांना काकाच म्हणत. इमारतीतल्या नेटवर्कच्या वायरी त्यांच्या हातच्या. संगणक बंद पडला की आधी काका आणि मग देव, असा तिथला क्रम होता. पण देखभालीचं काम नव्या कंपनीकडे गेलं आणि कार्यालयातल्या मॅडमनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की नव्या कंपनीला नेटवर्किंगचं प्रमाणपत्र असलेलीच माणसं हवीत. कंपनी यायच्या आत परीक्षा पास झालात तर जागा तुमची, नाहीतर माझ्या हातात काही नाही.

"आणि काका, तुम्हाला काय अवघड आहे? सगळं येतंच की तुम्हाला!" मॅडम म्हणाल्या.

असं बोलणाऱ्यावर रागावता येत नाही आणि विसंबूनही राहता येत नाही.

काकांनी आधी भंगारातून दोन जुने स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या, उचलून आणले. खऱ्या यंत्रावर हात बसलेला बरा, हा विचार काही वाईट नव्हता. पण स्विचचे पंखे सुरू झाले आणि शेजारच्यांनी दार वाजवलं.

"अहो, हे विमान उडणार आहे की नुसतंच घरघरणार?" बायकोने विचारलं. "उडणार असेल तर मला माहेरी सोडा जाता जाता."

स्विच माळ्यावर गेले. मग मेहुण्याचा सल्ला आला. बायकोचा हा भाऊ सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे त्याचा सल्ला मागावा लागत नसे. त्याने काकांच्या लॅपटॉपवर एक जड सॉफ्टवेअर चढवलं. त्यात खऱ्या यंत्रांची हुबेहूब नक्कल होती. काकांनी आज्ञांच्या दोन ओळी लिहिल्या. पडदा गप्प.

"आता?"

"आता काही नाही, दाजी. झालं."

"बरोबर झालं की चूक?"

"ते तुम्ही तपासायचं. या टोकाकडून त्या टोकाला निरोप पोचतो का बघायचं."

"म्हणजे चुकणार मी, तपासणारही मी. मग हा काय करतो?"

"हा गप्प बसतो. परीक्षेतही असंच असतं."

"मग त्याच्यासाठी एवढा लॅपटॉप कशाला तापवायचा? गप्प बसायला तू आहेस की."

मेहुणा हसला आणि त्या दिवशी खरोखरच गप्प बसला. तेवढी एकच चूक त्याच्या नावावर मांडता येईल.

दुसरं सॉफ्टवेअर काकांनी स्वतः शोधलं आणि त्यांचा जीव त्याच्यावर जडला. रंगीत चित्रं, ओढून जोडायच्या वायरी, आणि पडद्याच्या कोपऱ्यात टक्केवारी. बरोबर आज्ञा दिली की आकडा चढायचा. चुकीची दिली तर जागचा हलायचा नाही. मग काका दुसरी देऊन बघत, नाहीतर तिसरी. आकडा हलला की पुढे. शंभर टक्के रोज होत, पण कोणत्या आज्ञेने काय झालं, हे काकांना विचारायची सोय नव्हती. डोळे आज्ञेवर नसत, कोपऱ्यावर असत.

सराव परीक्षांचीही तीच तऱ्हा. एक होती कडक. घड्याळ लावून बसवायची, मागच्या प्रश्नाकडे वळू द्यायची नाही, निकाल थेट शेवटी. तिच्यात पहिल्यांदा किती पडले ते काकांनी घरात सांगितलं नाही. मेहुण्याला मात्र कळवलं, की त्या परीक्षेत बऱ्याच चुका आहेत. दुसरी मायाळू होती. प्रत्येक उत्तरानंतर लगेच हिरवी खूण दाखवायची आणि तेच ते प्रश्न फिरवून फिरवून विचारायची. हिच्यात काका नव्वदीत गेले.

"पंच्याण्णव," ते जेवताना म्हणाले.

"लग्नाआधी शाळेतले मार्क विचारले होते बाबांनी, तेव्हा विषय बदललात," बायको म्हणाली. "आता रोज सांगताय." पण पोळ्या वाढताना तिने मोजल्या नाहीत. तिलाही तो आकडा हवाच होता.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर काकांचं घड्याळ, पाकीट, फोन सगळं काढून ठेवायला लावलं. सुरुवातीचे प्रश्न ओळखीच्या माणसांनी कपडे बदलून यावं तसे आले. चेहरा ओळखीचा, नाव आठवेना. तरी काका पुढे सरकत राहिले.

मग प्रत्यक्ष कामाचा प्रश्न आला. दोन विभागांचे संगणक वेगळे ठेवायचे, पण दोन्हींना बाहेर इंटरनेटचा रस्ता द्यायचा. काकांनी आज्ञा लिहिली आणि कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता.

त्यांनी पुढची लिहिली. कोपरा रिकामाच. म्हणजे आकडा हलला नाही, असं हाताने ठरवलं आणि आज्ञा खोडली. वेगळी लिहिली. तीही खोडली. पहिली बरोबर असेल असं मनात आलं, तशी ती परत घातली, आणि पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं. निरोप पोचतो का, हे तपासायची सोय समोरच होती. पण तपासायचं कसं ते मेहुण्याच्या सॉफ्टवेअरबरोबर मागे राहिलं होतं. देखरेखीच्या बाईंना वाटलं, यांची मान अवघडली आहे. त्या प्रश्नावर वेळ संपली. पुढचे प्रश्न काकांनी पाहिलेसुद्धा नाहीत.

मॅडमनी निकालाचा कागद वाचला आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "पुन्हा बसता येईल ना?"

"येईल. पण कंपनी सोमवारी येतेय."

"हो," मॅडम म्हणाल्या. "त्यांना वायरी ओढायला माणूस लागणार आहे. रोजावर. मी शब्द टाकू?"

काका घरी आले आणि सांगितलं. मेहुणाही आला होता. तो म्हणाला, "दाजी, हरकत नाही, पुढच्या खेपेला आपण—"

"पुढच्या खेपेला तूच बस," बायको म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून तो उठून गेला. मग ती काकांना म्हणाली, "रोजाचं काम घ्या." यावर काकांनी काही विनोद करावा म्हणून ती थोडी थांबली. त्यांनी केला नाही.

सोमवारी काका शिडीवर चढले. छताची फळी सरकवून डोकं आत घातलं, तेव्हा धूळ डोळ्यांत गेली. खाली कंपनीची नवी इंजिनिअर उभी होती. गळ्यात ओळखपत्र, वागायला अतिशय सालस. तिने स्वतः शिडी धरली.

"सावकाश हं, काका. घाई नाही."

शिवी घालावी असं एकही वाक्य ती दिवसभर बोलली नाही. काकांनी वायर ओढली, आणि ती म्हणेल तिथे सोडली.