शिंगाळ्याचे डोळे

महाराजांनी काळ्या पिंपावरचं झाकण उचललं, आत बॅटरी मारली आणि मंडपातली सगळी गर्दी हात जोडून वाकली. पाण्यातल्या दोन शिंगाळा माशांचे डोळे निखाऱ्यासारखे पेटले होते.

"देवीनं डोळा उघडला," महाराज म्हणाले. "डॉक्टरच्या बाटलीची कटकट आता कायमची संपली, माउली."

माउली म्हणजे नीराबाई. श्रीवर्धनच्या बाजारात जन्मभर मासळी विकलेली. मासा ताजा की शिळा, हे ती डोळा बघून सांगायची. तिच्या लेखी माशाचा डोळा कधी खोटं बोलत नव्हता, आणि नेमका तिथेच तिचा घात झाला. त्यात हे शिंगाळे जिवंत आणून देणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ, दिनानाथ. मग शंका कशाला घ्यायची? महाराजांच्या पिंपात असेच पेटलेले डोळे बघून काचबिंदूचे थेंब तिने पावसाळ्याआधीच बंद केले. आता दिवाळीला डाव्या बाजूची दाराची चौकट तिला दिसेनाशी झाली होती.

तिची लेक हेमांगी म्हसळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती पुढे झाली. "महाराज, यातला एक मासा पाणी भरलेल्या घमेल्यात काढून उन्हात ठेवू. जेवणं झाली की परत बघू."

"देवीची परीक्षा घेतेस?"

"देवीची न्हाय, तुमची."

लोक हसले, आणि महाराजांना नाही म्हणता येईना. जेवणानंतर तीच बॅटरी, तोच मासा, पण डोळे विझलेले. झाकलेल्या पिंपातला दुसरा शिंगाळा मात्र झगझगत होता.

"याच्या डोळ्यात, पडद्याच्या मागं, चकचकीत थर असतो," हेमांगी म्हणाली. "उजेड पडला की पडद्यातल्या पेशी डोपामाइन नावाचं रसायन सोडतात. त्यानं काळे कण हळूहळू पसरतात आणि थर झाकला जातो. अंधारात हे रसायन कमी होतं, कण मागं सरतात. मग बॅटरी मारली की डोळा चमकतो. झाकण त्यासाठीच हाय."

महाराज मंत्र पुटपुटू लागले. नीराबाईने तिकडे लक्षच दिलं नाही. तिने मासे पाहिले ते उन्हातल्या पाटीत, मेलेले. होडीच्या अंधाऱ्या खणातले जिवंत शिंगाळे बघायचा तो भाऊ.

"दिना, तुला म्हाईत व्हतं?"

दिनानाथ मान खाली घालून म्हणाला, "व्हय. पण तू थेंब बंद करशील, असं वाटलं न्हाय."

"तूच म्हनालास, म्हाराज सांगतात तसं कर." मग ती गर्दीकडे वळली. "कुनी औषध बंद करा म्हनलं, तर आधी डॉक्टरला इचारा. सांगनारा सख्खा भाऊ असला तरी इचारा. माझ्या डाव्या डोळ्याची गेलेली नजर आता परत येनार न्हाय."