वर गेलेला हात

सभेला बायकांनी मागच्या बाकावर बसावं आणि विणत राहावं, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण चालत तसंच आलं होतं. त्या रविवारी झेनाइदा मात्र पावाच्या भट्टीवरून तशीच उठली आणि पिठाच्या हातांनी येऊन थेट पुढच्या बाकावर बसली.

मेक्सिकोतल्या वाहाकाच्या डोंगरातलं गाव. नव्या वर्षाचे सेवेकरी नेमायची सभा. पगार नाही, रजा नाही. गावचा नागरिक म्हणवायचं तर पाळी आली की वर्षभर गावाची चाकरी करायची. नाव पुकारलं, हात वर झाले, की विषय संपला.

कुणाचं नाव निघणार ते तिला ठाऊक होतं. तिचा एलेउतेरियो शहरात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होता, आणि सभेत गैरहजर माणूस सगळ्यांना आधी आठवतो. वर्षभर गावात अडकला की कॉलेजातली जागा गेली.

"तोपिल म्हणून एलेउतेरियो!" आलंच नाव. तोपिल म्हणजे गावचा शिपाई. हातात काठी घेऊन चौक झाडायचा, सुटलेली गाढवं हाकायची आणि सुटलेले दारुडे कोठडीत घालायचे.

झेनाइदा उभी राहिली. "मक्लोवियोकाका, बोलू का?"

"बोल, पण थोडक्यात," सरपंच म्हणाले. तिची जीभ गावाला माहीत होती.

"चाकरी पोराची की घराची? नळ घराला मिळतो, जळणाचं रान घराला मिळतं. मग गावाचं देणंही घराचंच ना? नवरा गेला म्हणून माझं घर गेलेलं नाही. देणं मी नाकारत नाही. पोर शिकून येऊ दे, मग—"

"अहो मग घरातलं दुसरं माणूस घ्या की!" मागून फिदेन्सियो ओरडला. दुपारीच मेस्काल दारूचा वास मारत होता. "ताईलाच करा तोपिल! काठी कशाला, जीभच पुरे!"

सभागृह खदाखदा हसलं. फिदेन्सियोनं हसत हसत हात वर केला. शेजारच्यानं केला. चेष्टेला चेष्टा म्हणून पुढच्या रांगांतले हात वर झाले. मग मागच्या बाकावर विणकाम खाली पडल्याचा आवाज आला. तिथले हात वर होते, आणि तिथं कुणी हसत नव्हतं.

चिटणीसानं सवयीनं मोजले. "मंजूर," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

भट्टीचं दार लावावं तसं हसणं बंद झालं.

"अरे, थट्टेत होतं ते," मक्लोवियोकाकांना घाम फुटला. "बाई कधी तोपिल झालीय का? परत हात करा."

"काका," मागून म्हातारी एर्मिला म्हणाली, "माझा नवरा तापानं फणफणलेला असताना त्याचं नाव घेतलंत. पाया पडले तुमच्या. तेव्हा काय म्हणालात? सभेत वर गेलेला हात खाली येत नाही."

फिदेन्सियोचा हात अजून वरच होता. उतरवायचं त्याला सुचलं नव्हतं.

झेनाइदाचे कान वाजत होते. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, पहाटेची भट्टी. ती पोराला सोडवायला आली होती, स्वतः अडकायला नव्हे. जन्मभर या गावाचं देणं तिनं नवऱ्याच्या डब्यात भाकरी घालून फेडलं होतं. तिचं नाव मात्र कुणी कधी पुकारलं नव्हतं. आज पुकारलं, तेही हसायला.

"तू नाही म्हण," काका हळूच म्हणाले. "आम्ही समजून घेऊ."

ती नाही म्हणाली असती, तर पुढचं नाव तयारच होतं.

"घराचं देणं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "मीच म्हटलंय ना? मग मी करते."

बाहेर पडताना फिदेन्सियो आडवा आला. पार उतरली होती त्याची. "ताई... शनिवारी जरा सांभाळून घ्या हं."

"जेवून येत जा शनिवारी. कोठडीत पाव मिळणार नाही."

भट्टीशी पोचल्यावर तिनं पोराला फोन लावला.

"आई, काय झालं? निघू का मी?"

"अभ्यास कर गुमान. पाळी भागली आपली."

"कोण होणार तोपिल?"

झेनाइदानं कोपऱ्यातलं भट्टीचं लांब फावडं उचललं, काठीसारखं उभं धरून पाहिलं, आणि पटकन परत ठेवलं.

"घरातलंच आहे कुणीतरी," ती म्हणाली.