धडकी मास्तरांचं घर विकणे आहे

रहस्यपटात खून मध्यंतरापर्यंत लांबला तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. पण पडद्यावर नावं पडायला लागली आणि त्याच्या पोटात गोळा आला नाही, तर त्याचं लक्ष शेजारच्याच्या खाण्याकडे जातं, आणि मग पुढे दहा मुडदे पाडले तरी ते परत येत नाही. हे तत्त्व धडकी मास्तरांनी हयातभर पाळलं होतं. सिनेमाच्या सुरुवातीला नावांच्या मागे जे काही हलतं, गळतं, करकरतं, ते बनवायचं हा त्यांचा धंदा. 'मास्तर' ही पदवी त्यांना धंद्यातल्या लोकांनी दिली होती आणि 'धडकी' ही त्यांच्या कामाने.

कृती म्हणाल तर अगदी साधी. दाखवायचं काहीच नाही, फक्त उशीर करायचा. किल्ली कुलपात जाते, पण फिरत नाही. नळाच्या तोंडाशी थेंब फुगतो, पण पडत नाही. त्या न पडलेल्या थेंबावर संवादलेखकाचं नाव येतं आणि अख्खं थिएटर श्वास धरून बसतं. सिनेमाची गोष्ट काय आहे हे मास्तरांना बहुतेक वेळा कुणी सांगत नसे. पुष्कळदा ते दिग्दर्शकालाही ठाऊक नसे. एकाने तर सिनेमा पडल्यावर सगळं खापर मास्तरांवर फोडलं. म्हणाला, "तुम्ही लोकांना सुरुवातीलाच इतकं घाबरवलंत, की पुढे माझा खुनी आला तेव्हा त्यांना हायसं वाटलं."

शिवाय नावांची भांडणं होतीच. पडद्यावर सुरी दिसताना कोणाचं नाव यावं यावरून भलीभली माणसं हमरीतुमरीवर येत. एका निर्मात्याचा मेव्हणा, ज्याने त्या सिनेमासाठी खुर्ची उबवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, आपलं नाव फुलदाणीवर टाकलं म्हणून आठवडाभर रुसून बसला. त्याला उचलून रक्ताच्या ओघळावर बसवलं, तेव्हा कुठे त्याची कळी खुलली.

आता एवढं सगळं होऊनही निर्माते या कामाला पैसे देत ते उरलेसुरलेच. त्यामुळे मास्तर स्टुडिओ भाड्याने घेण्याच्या भानगडीत कधी पडले नाहीत. सगळं चित्रण घरीच. तिसऱ्या मजल्यावरचं घर, इमारतीला लिफ्ट नाही. कुलूप दाराचं, नळ स्वयंपाकघरातला, आरसा बायकोचा, आणि ज्या सुरीने लोकांच्या तोंडचं पाणी पळालं ती रोजची भाजी चिरायची. जिना हा तर त्यांचा हुकमी एक्का. वरून कॅमेरा लावला की कठडा गरगरत खाली अंधारात जायचा, आणि चार सिनेमांत मिळून चार निर्मात्यांची नावं त्या अंधारात बुडाली होती.

आणि हेच घर आता विकायचं होतं, तर ते काही केल्या विकलं जाईना.

विकायचं होतं ते आईसाठी. दोन वर्षांपूर्वी आई दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून खाली पडली. हाड मोडलं, जुळलं, डॉक्टरांनी आधार धरून उतरायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पण आईचं एकच पालुपद, गुडघा दुखतो. "एकदा कधीतरी उतरेन," ती म्हणायची, "पण परत चढायला सांगू नका." दोन वर्षं ती खिडकीत बसून रस्ता बघत होती. कोणत्या कुत्र्याचं कोणत्या कुत्र्याशी पटत नाही हे तिला पाठ झालं होतं. तेवढ्यात बागेसमोर तळमजल्यावरचं एक घर मिळत होतं. दारातून बाहेर पडलं की चार पावलांवर बाक. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता, त्यापुढे नाही. हे घर विकलं तरच ते घेता येणार होतं.

माणसं बघायला येत होती, नाही असं नाही. पण आत पाऊल टाकलं की कुजबुजत बोलायला लागायची. एका गृहस्थाने पाणी मागितलं आणि नळातून पेला भरताना बघून ते प्यायलाच नाही. एक तरुण मुलगी आरशासमोर थबकली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी इथे आधी येऊन गेलेय. आणि शेवट चांगला झाला नव्हता." दोघं जिना उतरली ती धावतच.

"साहेब, या घरात काही झालंय का?" दलालाने शेवटी विचारलं. "म्हणजे बघा, खरं काय ते मला सांगा. मी कुणाला बोलणार नाही, किंमत तेवढी कमी करू."

"काहीही झालेलं नाही," मास्तर म्हणाले. आधी जरा थांबले आणि मग म्हणाले. दलालाने रुमाल काढून कपाळ पुसलं.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. नकाशा वाचायची सवय असल्यामुळे तिला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. "अहो, अर्ध्या गावाने आपलं स्वयंपाकघर मोठ्या पडद्यावर बघितलंय," ती म्हणाली. "कुठे बघितलं ते आठवत नाही, पण पाचावर धारण बसल्याचं बरोबर आठवतं. आणि त्यात तुमची ती तऱ्हा. तुम्ही घर दाखवत नाही, मुडदा कुठे ठेवलाय ते दाखवता."

"मी काय केलं?"

"काल न्हाणीघराचं दार कसं उघडलंत? आधी मुठीवर हात ठेवलात. मग त्यांच्याकडे बघितलंत. मग दार बोटभर उघडून थांबलात. कशासाठी?"

मास्तरांनी विचार केला. दुसऱ्या कुठल्या रीतीने दार उघडतात हे त्यांना खरंच आठवेना.

मग नळ दुरुस्त झाला, भिंतींना पिवळा रंग लागला, प्रत्येक खोलीत भगभगीत दिवे आले. दलालाने सुचवलं, साहेब तुमचाच धंदा आहे, घराची छोटीशी फिल्म बनवा, गिऱ्हाइकांना फोनवर पाठवतो. मास्तरांनी जीव ओतला. सकाळचं ऊन, हलणारा पडदा, टेबलावर एकच लाल सफरचंद. दलालाने फिल्म दोनदा पाहिली.

"त्या सफरचंदात काय आहे?"

"काही नाही."

"मग त्याच्याकडे इतका वेळ का बघायचं?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. जगात सगळीकडे खपणारी भीती घरात मात्र पिकतं तिथं विकत नाही या न्यायाने पडून होती, आणि महिना संपत आला होता.

शेवटचं गिऱ्हाईक म्हणून एक चष्म्याचा दुकानदार आणि त्याची बायको येणार होती. मास्तरांच्या बायकोने त्यांना स्पष्ट सांगितलं, आज तुम्ही दिसायचं नाही. खाली जाऊन बसा म्हणावं तर नेमके जिन्यातच भेटले असते, म्हणून त्यांची रवानगी झोपायच्या खोलीत, दाराआड. पाहुणे आले. बायकोने पुढची खोली धडाधड दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मास्तरांनी दाराआड पाय बदलला, एवढंच. फळी करकरली.

"आत कोण आहे?" चष्मेवाल्याच्या बायकोचा आवाज चिरकला.

"माझा मुलगा आहे हो," खिडकीत बसल्या बसल्या आई म्हणाली. "लोकांना घाबरवतो म्हणून आज कोंडून ठेवलाय."

आता संपलं, असं मास्तरांना वाटलं. पण आईला दोन वर्षांत नवीन माणूस बोलायला मिळाला नव्हता. तिने चष्मेवाल्याला समोर बसवून घेतलं आणि कशाचीही उत्सुकता न ताणता सगळं भडाभडा सांगून टाकलं. तो नळ ना, तो सिनेमातला. तो आरसासुद्धा. आरशात मागून जी सावली जाते ती शेजारची बाई, वाटी परत द्यायला आली होती. आणि रक्त म्हणजे बिटाचा रस, चादरीचे डाग अजून गेले नाहीत, दाखवू का?

चष्मेवाला आधी आ वासून ऐकत राहिला आणि मग हसत सुटला. "अगं, म्हणून मला मघापासून वाटत होतं," तो बायकोला म्हणाला. बायकोही हसायला लागली आणि उठून स्वतःच नळ सोडून बघून आली. मास्तर दाराला कान लावून ऐकत राहिले. त्यांची आयुष्यभराची कमाई आई वाटाणे सोलावेत तशी सोलत होती, आणि घर विकलं जात होतं.

"मग आजी, एवढं झकास घर सोडताय का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"मला जिन्याची भीती वाटते," आई म्हणाली.

तिने हे भाजी महागली म्हणावं इतक्या सहज सांगितलं. दाराआड मास्तर जागच्या जागी उभे राहिले. गुडघा, गुडघा म्हणून त्यांनी दोन वर्षं तेल आणून दिलं होतं. परक्या माणसांना अंधारात कधी धडकी भरेल हे ज्यांना पाव सेकंदाच्या हिशेबाने कळायचं, त्यांना शेजारच्या खुर्चीतली भीती कळली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यातही ती पडल्यानंतर, जिन्याच्या चौथ्या सिनेमाच्या वेळी त्यांनी आईची खुर्ची दारातून बाजूला सारून जिन्यावर कॅमेरा लावला होता, आणि "आई, जरा सरक, तुझी सावली पडते," असं तिला वर म्हटलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

घराचा व्यवहार झाला. सामान गेलं, सामानाबरोबर बायको पुढे गेली. मागे राहिले मास्तर आणि आई. आईने नवीन चपला घातल्या होत्या. पहिला मजला, म्हणजे तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, ती भिंतीला हात लावत नीट उतरली. वळणावर आली आणि थांबली.

"मला वर ने."

"आई, वर आता आपलं काही नाही."

"असू दे. मी जमिनीवर बसेन. मला वर ने." तिच्या ओठांवरचा रंग गेला होता. बोटं कठड्याला अशी चिकटली होती की सोडवणं शक्य नव्हतं.

मास्तर तिच्या शेजारी उभे राहिले. काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. "काही होणार नाही, आई," ते म्हणाले. पण ते थांबून, आवाज खाली नेऊन, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाले, कारण त्यांना तसंच म्हणता येत होतं.

"तू असं म्हणालास की काहीतरी होतंच," आई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी हसून. ते त्याहून भयंकर झालं. काहीतरी होणार आहे, हे सांगण्यात उभा जन्म गेला होता. काही होणार नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांची नजर खाली गेली. हाच जिना त्यांनी कितीदा पाहिला होता, पण मध्ये नेहमी कॅमेरा होता. आज मध्ये काहीच नव्हतं. खाली फरशी होती, कडक, आणि दोन वर्षांपूर्वी आई त्याच फरशीवर वाकडी होऊन पडलेली त्यांना दिसली.

"आई," ते म्हणाले, "मला भीती वाटतेय."

आईने डोळे उघडले. "कसली?"

"तू पडशील याची. त्या दिवसापासून वाटतेय. म्हणून तर दोन वर्षांत तुला एकदाही चल म्हणालो नाही. तू गुडघा म्हणालीस, मला बरंच वाटलं." घाईघाईत, एकात एक शब्द अडकवत ते हे बोलले. आवाज चमत्कारिक, बारीक निघाला.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, नावाजलेला माणूस भिंतीला पाठ लावून उभा होता. तिचा चेहरा बदलला. पोरगं रस्ता ओलांडायला घाबरलं की जसा होतो, तसा झाला.

"अरे वेड्या, मग सांगायचं नाही का?" ती म्हणाली. "एवढं मनात ठेवून बसलास? इकडे ये. खाली बघू नकोस, पायाकडे बघ. मी पुढे होते."

एक हात तिने कठड्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने मुलाचं मनगट घट्ट धरलं, आणि ती उतरायला लागली.