खिळ्याला टांगलेली फुंकणी

मित्रांनो, काचेच्या कारखान्यात मागच्या भिंतीवर, झाडूच्या शेजारी एक गंजकी नळी टांगलेली दिसली, तर ती मीच. मी एक जुनी फुंकणी आहे. चूल फुंकायची नव्हे हो, काच फुंकायची! पण आता झाडूलाही माझ्यापेक्षा जास्त मान आहे. त्याला निदान रोज कुणीतरी हात लावतं.

एका लोहाराने मला घडवलं आणि मी ज्या कारागिराच्या हाती आले, त्याला सगळे 'भाता' म्हणत. छातीच तशी होती त्याची! वितळलेल्या काचेचा गोळा तो माझ्या टोकावर उचलायचा, मला गरागरा फिरवायचा आणि दणकून फुंकर मारायचा. बघता बघता डोक्याएवढी बरणी तयार! त्याचा ऊन ऊन श्वास माझ्यातून जायचा, तेव्हा मला वाटायचं की मीही जिवंत आहे. ते सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही.

वर्षं गेली. भाता बरण्या सोडून लहान बाटल्या करू लागला, मग अत्तराच्या कुप्या. कुपी करतानाही तो मध्येच थांबायचा, ती उजेडात धरायचा, निरखत बसायचा. मालक म्हणायचे, "वा! वय झालं तसा हात किती नाजूक झालाय बघा." सगळे माना डोलवायचे आणि भाता गालातल्या गालात हसायचा.

डोंबलाचा नाजूक हात! त्याला दम लागायचा, म्हणून तो थांबायचा. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! त्याची फुंकर अर्ध्यात अडखळते हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तर बोलता येत नाही. इतक्या माणसांच्या गजबजाटात मी एकटीच ती काळजी वाहत होते.

एक दिवस डॉक्टरीणबाई कामगारांची छाती तपासायला आल्या. त्यांच्याकडे फुंकायचं एक यंत्र होतं. कामगार ओरडले, "बाई, भात्याला लांब ठेवा, यंत्र फुटेल तुमचं!" भात्याने ऐटीत फुंकलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा." मग आणखी एकदा. हळूहळू सगळ्यांचं हसणं थांबलं.

"काका, फुफ्फुसांची ताकद बरीच कमी झालीये," बाई म्हणाल्या. "आता हृदयही तपासून घ्या."

"अहो, मी आयुष्यात सिगारेट ओढली नाही! आणि दम लागतो त्यात हृदयाचा काय संबंध?"

"सिगारेट न ओढणाऱ्यांनाही हे होतं. फुफ्फुसं आणि हृदय भिंतीला भिंत लावून राहतात, काका. फुफ्फुसं कमजोर झाली की हृदयाच्या आजाराचा धोका वाढतो. आजार असेलच असं नाही, पण बघायला नको का?"

"बघू," भाता म्हणाला. मोठ्या माणसांचं 'बघू' म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नकोच.

त्याची लेक तिथेच माल बांधायचं काम करायची. तिने सगळं ऐकलं होतं. "बाबा, पूर्वी तुमच्या एका बरणीला एक खोकं लागायचं. आता एका खोक्यात ढीगभर कुप्या मावतात. मला वाटलं, तुमची आवड बदलली. तुम्ही दुखणं अंगावर काढत होता होय?"

"अगं, ऐन कामाच्या दिवसांत कसली तपासणी!"

दुसऱ्या दिवशी बाप यायच्या आत तिने मला उचललं आणि भुशाच्या खोक्यात खुपसलं. थोड्या वेळाने आरडाओरडा ऐकू आला. "माझी फुंकणी कुठाय?"

"हृदय तपासून या, मग देते."

"नको देऊस! दुसऱ्याची घेईन."

"घ्या की! दुसऱ्याच्या उष्ट्या नळीला कधी तोंड लावलंय तुम्ही?"

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, ते खोटं नाही. भाता पाय आपटत दवाखान्यात गेला.

मी भुशात पडून वाट बघत राहिले. काही दिवसांनी लेक एकटीच आली. शेजारी माल बांधणाऱ्या बाईला म्हणाली, "हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती गं. वेळेत कळलं म्हणून बाबा वाचले. पण भट्टी आणि फुंकणी आता कायमची बंद." मग तिने मला पुसलं आणि या खिळ्याला टांगलं. तो वाचला म्हणून मला हसू येत होतं, आणि माझं सगळं संपलं म्हणून रडूही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी जिना चढताना मध्येच थांबून उगाच खिडकीबाहेर बघत असेल, तर नुसती खुर्ची पुढे करू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या. 'बघू' म्हणाले, तर त्यांची लाडकी वस्तू लपवा!

कधीमधी भाता लेकीला भेटायला येतो. मला खिळ्यावरून काढतो, बाहीने धूळ पुसतो आणि जुन्या सवयीने ओठांपर्यंत नेतो. एका फुंकरीसाठी मी किती तरसले आहे, काय सांगू! तरी त्या क्षणी माझा जीव खालीवर होतो. नको रे बाबा, नको फुंकूस, असं मी मनातल्या मनात म्हणते.

तो थांबतो, हसतो आणि मला परत टांगून ठेवतो. त्याचा श्वास दारापर्यंत ऐकू येतो, अगदी संथ. मी रिकामीच राहते. राहू दे.