चकाचक बाटल्या

"घासायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

सुनेचा आवाज चढला तशी सासूने हातातली घासणी पाठीमागे लपवली, जणू ती लपवली की लेबलं आपोआप परत चिकटणार होती. ओट्यावर अकरा बाटल्या न्हाऊन-माखून ओळीने उभ्या. एकीवरही नाव नाही. लेबलांचा लगदा मोरीच्या जाळीत.

"चारचौघांत न्यायच्या," सासू पुटपुटली. "अशा तेलकट, कळकट? लोक काय म्हणतील?"

सासरे चाळीस वर्षं घरोघरी औषध फवारत हिंडले. ढेकूण, झुरळं, वाळवी. गल्ली त्यांना ढेकूणमामा म्हणायची. तेही हसून सांगायचे, भाचे ढिगाने आहेत, पण मामा दिसला की पळतात. उरलेलं औषध जिवावर यायचं टाकायला, म्हणून घरी आणायचे. पलंगाखाली दुकानच झालं होतं त्याचं. गेल्या साली त्यांचं अर्धं अंग गेलं आणि जिभेवर एकच शब्द उरला. पाणी. भूक लागली तरी पाणी, पाठ खाजली तरी पाणी.

नात वर्षाची, दिवसभर त्यांच्याच पलंगापाशी रांगणारी. तिचा पहिला शब्दही तोच. काल सुनेने तिला पलंगाखालून ओढून काढलं तेव्हा निळी बाटली तिच्या मिठीत होती, बूच तोंडात. बूच घट्ट होतं, म्हणून निभावलं.

असला घातक कचरा नेणारी गाडी वर्षातून एकदाच यायची, आणि ती आज कोपऱ्यावर उभी होती.

दोघींनी टब उचलून नेला. गाडीवाल्याने शेजाऱ्यांच्या ट्यूबलाइटी घेतल्या, बॅटऱ्या घेतल्या, जुन्या गोळ्या घेतल्या. टब पाहून म्हणाला, सरबतं आणलीत की काय? मग त्याने नीट समजावलं. आत काय आहे ते कळल्याशिवाय घेता येत नाही, एकाशेजारी दुसरं चुकीचं ठेवलं तर गाडी पेटेल. त्याच्या जोडीदाराचे डोळे असेच गेले होते.

सुनेने हात जोडले. माणूस वाईट नव्हता. ज्याचं औषध त्यालाच विचारू म्हणत निळी बाटली घेऊन तो घरात आला.

बाटली दिसताच म्हाताऱ्याचे डोळे चमकले. ओळखलं होतं त्यांनी. चांगल्या हाताने बाटलीवर टकटक केली. कपाळावर घाम आला, मानेची शीर ताठली. सासू पलंगाशी वाकली.

"पा..." ते म्हणाले. "पा... पाणी."

"पाणी," खालून नातीने दोन्ही हात पसरले.

गाडीवाल्याने बाटली पटकन वर उचलली.

"मोरीत ओतू का?" सुनेने विचारलं.

"ओतू नका. उघडूही नका. उंचावर ठेवा कुठेतरी."

त्या घरात उंच म्हणजे सुनेचं शिलाई मशीन. त्याला धरूनच पोर परवा उभं राहायला शिकली होती.

"पुढच्या वर्षी लेबलं लावून आणा," तो दारातून म्हणाला.

"कसली लेबलं लावू?"

त्याने बाटली तिच्या हातात दिली. बाहेर हॉर्न वाजला.

"मला निघायला हवं आता."